फ्रॉइड, कोकेन आणि सिगार: मेंदूतलं बक्षिसाचं सर्किट कसं फसतं?

डोपामिन हा शब्द आता कुणाला नवा राहिलेला नाही. रील्समध्ये डोपामिन, जिममध्ये डोपामिन, दोन दिवस फोन बंद ठेवला की डोपामिन डिटॉक्स. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, डॉक्टर नाही. पण एखादी सिस्टीम समजून घ्यायची तर ती बिघडते कशी हे आधी बघायचं, ही आमच्या कामातली जुनी सवय. उत्तेजक पदार्थांमुळे मेंदूतली बक्षिसाची सिस्टीम कशी बिघडते हे बघायला मला एकाच माणसाचं आयुष्य पुरेसं वाटतं. तो माणूस म्हणजे सिग्मंड फ्रॉइड.

हो, तोच. दाढीवाला, रुग्णाला कोचावर झोपवून त्याची स्वप्नं ऐकणारा. त्याच्या बऱ्याच कल्पना आजच्या संशोधकांना पटत नाहीत, आणि खरं सांगायचं तर मलाही त्यातलं फारसं पटत नाही. पण तो प्रसिद्ध होण्याच्या कितीतरी आधी, तिशीला टेकण्याआधीच, कोकेनवर काम करत होता. स्वतः घेत होता, होणाऱ्या बायकोला पाठवत होता, मित्रांना देत होता. त्यातला एक मित्र जगप्रसिद्ध झाला, दुसरा पार उद्ध्वस्त झाला. फ्रॉइड स्वतः काही वर्षांनी कोकेनपासून सुटला, सिगार मात्र त्याला मरेपर्यंत सुटला नाही. पावडर तीच, मेंदूची रचना तीच. मग निकाल इतके वेगळे कसे?

खिसा रिकामा, पावडर महाग

फ्रॉइडचा जन्म ६ मे १८५६ चा, फ्रायबर्ग गावातला. तेव्हा ते ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होतं, आज चेक प्रजासत्ताकात आहे. वडील लोकरीचे व्यापारी, आणि धंदा बेताचा. सिग्मंड चारेक वर्षांचा असताना कुटुंब व्हिएन्नाला आलं आणि पुढची जवळजवळ ७८ वर्षं तो तिथेच राहिला. १८७३ मध्ये तो विद्यापीठात गेला आणि एर्न्स्ट ब्रूक या नामवंत प्राध्यापकाच्या प्रयोगशाळेत रमला. तिथे त्याचं काम काय, तर मायक्रोस्कोपखाली माशांच्या आणि खेकड्यासारख्या प्राण्यांच्या मज्जापेशी बघायच्या. म्हणजे ज्याला आपण मनाचा डॉक्टर म्हणून ओळखतो, तो मुळात हार्डवेअरवाला होता.

१८८१ मध्ये डॉक्टरकीची पदवी मिळाली. पुढच्याच वर्षी मार्था बर्नाइस नावाच्या मुलीच्या प्रेमात पडला, साखरपुडा झाला. पण प्रयोगशाळेच्या कामावर संसार चालणार नव्हता. ब्रूकनंच त्याला सांगितलं की बाबा रे, आता पैसे मिळतील असं काहीतरी बघ. मग फ्रॉइड व्हिएन्नाच्या जनरल हॉस्पिटलमध्ये लागला. मार्था हॅम्बुर्गजवळ, हा व्हिएन्नात, मध्ये शेकडो किलोमीटर आणि खिशात दमडी नाही. एखादा शोध लागावा, नाव व्हावं आणि लग्न उरकावं, एवढं एकच गणित डोक्यात.

कोकाची पानं दक्षिण अमेरिकेतले अँडीज पर्वतातले लोक हजारो वर्षं चघळत आलेत. त्यातलं मुख्य रसायन, म्हणजे कोकेन, १८६० च्या सुमारास जर्मनीत आल्बर्ट नीमाननं शुद्ध स्वरूपात वेगळं केलं. १८८३ मध्ये जर्मन सैन्यातल्या एका डॉक्टरनं लिहिलं की थकलेल्या बव्हेरियन सैनिकांना कोकेन दिलं आणि ते ताजेतवाने झाले. फ्रॉइडनं हे वाचलं आणि एप्रिल १८८४ मध्ये मर्क कंपनीकडून कोकेन मागवलं. एका ग्रॅमची किंमत तीन गुल्डनच्या वर. ती ऐकून त्याचे डोळे पांढरे झाले, पण त्यानं ते घेतलंच.

अगदी थोडं घेऊन बघितलं. उदासी गेली, पोट ठीक झालं, कामाला हुरूप आला. मग मोठ्या लोकांच्या घरी बोलावणं असलं की जाण्याआधी थोडं घ्यायचं, म्हणजे बुजायला होत नाही. जुलै १८८४ मध्ये त्याचा कोकेनवरचा मोठा लेख छापून आला. उदासीवर चालतं, अपचनावर चालतं आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मॉर्फिनचं व्यसन सोडवायला चालतं, असं त्यात होतं. या शेवटच्या दाव्यासाठी त्यानं बराच आधार घेतला होता एका अमेरिकन वैद्यकीय मासिकाचा. ते मासिक होतं पार्क-डेव्हिस या औषध कंपनीच्या मालकाचं, आणि ती कंपनी कोकापासून बनवलेली औषधं विकत होती. आजच्या भाषेत सांगायचं तर पेड प्रमोशन वाचून रिसर्च पेपर लिहिला गेला.

एक रेणू, दोन कामं

जीभ बधिर होते हे फ्रॉइडच्या लक्षात आलं होतं. लेखाच्या शेवटी त्यानं जाता जाता तसा उल्लेखही केला, आणि तो मार्थाला भेटायला निघून गेला. त्याच हॉस्पिटलमधला कार्ल कोलर हा डोळ्यांचा तरुण डॉक्टर मात्र तिथेच थांबला. जीभ बधिर होते, तर डोळा का नाही होणार? त्यानं बेडकाच्या आणि सशाच्या डोळ्यात, मग स्वतःच्या डोळ्यात द्रावणाचे थेंब टाकून बघितले. टाचणी लावली तरी कळेना! १५ सप्टेंबर १८८४ ला हायडेलबर्गच्या नेत्रतज्ज्ञांच्या परिषदेत हा शोध जगासमोर आला. कोलरकडे प्रवासाचे पैसे नव्हते, म्हणून त्याचा लेख दुसऱ्यानं वाचला. पुढच्याच वर्षी फ्रॉइडच्या वडिलांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा बधिर करायला स्वतः कोलर हजर होता.

फ्रॉइडला ही चुटपुट आयुष्यभर लागून राहिली. चाळीस वर्षांनी लिहिलेल्या आत्मचरित्रात त्यानं अर्धवट थट्टेत त्याचं खापर बायकोवर फोडलंय. हे मला काही आवडलं नाही. असो.

इथे तांत्रिक मुद्दा असा की कोकेन शरीरात दोन अगदी वेगळी कामं करतं. एक, नसांमधल्या सोडियमच्या वाटा ते बंद करतं. सोडियम आत शिरलं नाही की नसेतून विजेचा संदेश पुढे जात नाही, आणि तो भाग बधिर होतो. डेंटिस्ट आपल्याला जे लिग्नोकेन टोचतो त्याच्या नावातलं शेवटचं केन हे कोकेनवरूनच आलंय. लिग्नोकेन हे पहिलं काम करतं, पण त्याची कुणाला तलफ येत नाही. कारण तलफ येते ती कोकेनच्या दुसऱ्या कामामुळे.

आपल्या मेंदूत सुमारे ८६ अब्ज न्यूरॉन आहेत. त्यातले डोपामिन वापरणारे फक्त काही लाख. त्यांचा एक पुंजका मेंदूच्या मध्यभागी खोलवर असतो, त्याला व्हीटीए म्हणतात. तिथून निघालेले तंतू न्यूक्लियस ॲक्युम्बन्स नावाच्या भागात पोचतात. हेच ते बक्षिसाचं सर्किट. एका न्यूरॉननं डोपामिन सोडलं की ते मधली फट ओलांडून पुढच्या न्यूरॉनच्या रिसेप्टरवर बसतं आणि निरोप पोचतो. निरोप पोचल्यावर फट रिकामी व्हायला हवी, नाहीतर पुढचा निरोप कळणार कसा? त्यासाठी सोडणाऱ्या न्यूरॉनवरच छोटे पंप असतात, त्यांना ट्रान्सपोर्टर म्हणतात. ते डोपामिन परत आत ओढून घेतात.

कोकेन या पंपांच्या तोंडात बोळा बसवतं. मोरीच्या जाळीवर फडकं अडकलं की पाणी कसं तुंबतं, तसं डोपामिन फटीत तुंबतं. ॲम्फेटामिन आणखी पुढची पायरी गाठतं. ते त्याच पंपातून आत शिरतं, साठवलेलं डोपामिन बाहेर काढतं आणि पंप उलटा फिरवतं. निकोटिनचा रस्ता तिसरा. ते थेट व्हीटीएमधल्या न्यूरॉनवरची बटणं दाबतं, त्यामुळे न्यूरॉन जास्त जोरात डोपामिन सोडतात. तिघांचे दरवाजे वेगळे, घर एकच.

फ्लाइश्ल

आता दुसऱ्या मित्राकडे येऊ. एर्न्स्ट फॉन फ्लाइश्ल-मार्क्सोव्ह हा ब्रूकच्याच प्रयोगशाळेतला, फ्रॉइडपेक्षा दहा वर्षांनी मोठा. देखणा, श्रीमंत, बोलायला हुशार. फ्रॉइडला त्याच्याबद्दल जवळजवळ भक्तीच होती. प्राण्यांच्या मेंदूत होणारे विजेचे बदल त्यानं फार लवकर टिपले होते, आणि १८८३ मध्ये ते निष्कर्ष लखोट्यात सील करून व्हिएन्नाच्या विज्ञान अकादमीत ठेवून दिले होते. तो लखोटा उघडला १८९० मध्ये.

पंचविशीत शवविच्छेदन करताना त्याच्या उजव्या अंगठ्याला जंतुसंसर्ग झाला. अंगठा कापावा लागला. कापलेल्या नसांच्या टोकांना गाठी येत राहिल्या, प्रत्येक गाठीत असह्य कळा, आणि बिलरोथसारख्या नावाजलेल्या सर्जननं पुन्हा पुन्हा ऑपरेशन करूनही त्या थांबेनात. दुखणं सहन व्हावं म्हणून मॉर्फिन सुरू झालं आणि त्याचं व्यसन लागलं. रात्री झोप नसायची, तेव्हा हा माणूस गणित, भौतिकशास्त्र आणि चक्क संस्कृतचा अभ्यास करत बसायचा.

मे १८८४ मध्ये फ्रॉइडनं त्याला मॉर्फिनऐवजी कोकेन द्यायला सुरुवात केली. पहिले काही दिवस फरक दिसला, फ्रॉइड खूश. पण फ्लाइश्ल कोकेन इंजेक्शननं घेऊ लागला आणि मात्रा वाढत गेली. वर्षभरात तो रोज एक ग्रॅमपर्यंत पोचला, म्हणजे फ्रॉइड स्वतः एका वेळी घ्यायचा त्याच्या कितीतरी पट. आकडी यायची. अंगावर पांढरे साप सरपटतायत असं त्याला वाटायचं. फ्रॉइड अनेक रात्री त्याच्या उशाशी बसून होता. मॉर्फिनही सुटलं नाही, म्हणजे आता दोन्ही चालू.

हे दोन्ही एकत्र का घातक, तेही बघा. डोपामिनच्या न्यूरॉनवर एक ब्रेक असतो, दुसऱ्या प्रकारच्या पेशी त्यांना दाबून धरतात. मॉर्फिन त्या पेशींना गप्प करतं, म्हणजे ब्रेक काढतं. कोकेन निचरा बंद करतं. वरून नळ मोकळा आणि खालून मोरी तुंबलेली.

पण नुसतं डोपामिन वाढलं म्हणून माणूस रोज सुई का टोचून घेईल? इथे एक गैरसमज काढायला हवा. डोपामिन म्हणजे आनंद नव्हे. १९५४ मध्ये माँट्रियलला जेम्स ओल्ड्स आणि पीटर मिल्नर यांनी उंदरांच्या मेंदूत तार बसवून बघितलं की योग्य जागी वीज मिळत असेल तर उंदीर पुन्हा पुन्हा दांडी दाबत राहतो. तेव्हा सगळ्यांना वाटलं, सापडलं आनंदाचं केंद्र. पुढे १९९० च्या दशकात वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांवर केलेल्या प्रयोगांत वेगळंच दिसलं. अचानक फळाचा रस मिळाला की डोपामिनचे न्यूरॉन उसळतात. रसाआधी दरवेळी दिवा लागत असेल, तर काही दिवसांनी ते दिव्यालाच उसळतात, रसाला नाही. आणि दिवा लागूनही रस आला नाही, तर नेहमीपेक्षाही खाली जातात. म्हणजे हा सिग्नल असतो अपेक्षा आणि प्रत्यक्ष यांतल्या फरकाचा. ज्यांनी मशीन लर्निंगमध्ये रीइन्फोर्समेंट लर्निंग केलंय त्यांना हे सूत्र ओळखीचं वाटेल, कारण ते तेच आहे.

आता यात कोकेन घाला. रसाच्या बाबतीत अपेक्षा वाढली की फरक शून्यावर येतो आणि शिकणं थांबतं. कोकेन मात्र अपेक्षेला विचारतच नाही, ते रसायनानंच डोपामिन चढवतं. त्यामुळे मेंदूला दरवेळी एकच निरोप मिळतो: अपेक्षेपेक्षा जास्त मिळालं, हे आणखी महत्त्वाचं समज. हा लूप कधी शून्यावर येतच नाही. सुई, बाटली, खोली, संध्याकाळची वेळ, सगळ्याला महत्त्व चिकटत जातं. इकडे सततच्या पुराला वैतागून रिसेप्टर कमी होतात, त्यामुळे साध्या गोष्टी सपक लागतात. मजा घटत जाते आणि ओढ वाढत जाते. मिशिगन विद्यापीठाच्या केंट बेरिज यांनी दाखवून दिलंय की मेंदूत आवडणं आणि हवंसं वाटणं या दोन वेगळ्या यंत्रणा आहेत. फ्लाइश्लला त्या सापांच्या रात्री आवडत नक्कीच नव्हत्या.

आणि वेग. ही गोष्ट लोकांना सहसा माहीत नसते, आणि माझ्या मते फ्रॉइड आणि फ्लाइश्ल यांच्यातला मोठा फरक इथेच आहे. डोपामिन किती वाढतं याइतकंच ते किती झटकन वाढतं याला महत्त्व आहे. पानं चघळली किंवा कोकेन पाण्यातून प्यायलं तर ते मेंदूत हळूहळू चढतं. इंजेक्शननं काही मिनिटांत कळस गाठतो. लक्ष न लागण्याच्या आजारावर डॉक्टर मिथाइलफेनिडेट देतात, तेही हेच पंप अडवतं. पण गोळीच्या रूपात ते कळसाला पोचायला तासाभराच्या आसपास लागतो, म्हणून डॉक्टरच्या देखरेखीखाली ते औषध राहतं. फ्रॉइडनं कोकेन घेतलं ते थोडं, सावकाश आणि अधूनमधून. फ्लाइश्लनं घेतलं ते भरपूर, सुईनं, रोज, आणि वेदनेतून सुटण्यासाठी. शेवटचं कारण कमी समजू नका. त्याला नुसती तरतरी नको होती, त्याला हात विसरायचा होता.

(फोनचं काय, असं विचाराल म्हणून कंसात सांगतो. नोटिफिकेशन याच शिकण्याच्या सर्किटचा फायदा घेतं, यात शंका नाही. पण ते पंपात बोळा घालत नाही. रील आणि कोकेन एकच, असं सांगणारे व्हिडिओ स्वतःच व्ह्यूज मिळवण्यासाठी बनवलेले असतात.)

२२ ऑक्टोबर १८९१ ला फ्लाइश्ल वारला. वय ४५.

झाकलेली गोष्ट

मार्च १८८५ मध्ये, म्हणजे फ्लाइश्लची तब्येत ढासळत असतानाच, फ्रॉइडनं व्हिएन्नात व्याख्यान देऊन कोकेनची इंजेक्शनं बिनधास्त द्यायला हरकत नाही असं सांगितलं होतं. लवकरच युरोपभरातून व्यसनाच्या बातम्या येऊ लागल्या. आल्ब्रेख्त एर्लेनमायर या जर्मन डॉक्टरनं तर दारू आणि मॉर्फिननंतरचं हे मानवजातीवरचं तिसरं संकट, असा जाहीर आरोप केला. १८८७ मध्ये फ्रॉइडनं कोकेनवरचा शेवटचा लेख लिहिला. त्यात त्यानं दोष टाकला तो रुग्णांवर: ज्यांना आधीच मॉर्फिनची सवय होती त्यांनाच कोकेनचं व्यसन लागतं म्हणे. पुढे स्वप्नांवरच्या गाजलेल्या पुस्तकात त्यानं लिहिलं की मी मित्राला फक्त तोंडानं घ्यायला सांगितलं होतं, सुई त्यानं स्वतःच्या मनानं वापरली. इंजेक्शनच्या शिफारशीचा उल्लेख नाही. माणूस म्हणून त्याचं दुःख खरं असेल, पण लॉग फाइलमधल्या ओळी पुसायचा हा प्रकार मला माफ करता येत नाही.

गंमत बघा, त्याच १८८७ साली बर्लिनमध्ये लाझार एडेलेआनू या रोमानियन रसायनशास्त्रज्ञानं ॲम्फेटामिन पहिल्यांदा तयार केलं. त्याचं काय करायचं हे कळायला मात्र पुढची चाळीसेक वर्षं जावी लागली.

१८८६ मध्ये फ्रॉइडचं मार्थाशी लग्न झालं, दवाखाना सुरू झाला. कोकेन मात्र सुटलं नव्हतं. १८९० च्या दशकात तो ते नाकात लावायचा. याच काळात, १८९५ मध्ये, त्यानं एक हस्तलिखित लिहिलं, ते माझ्यासारख्या इंजिनिअरला त्याच्या सगळ्या लिखाणात सगळ्यात भावतं. न्यूरॉनचं जाळं, त्यातून वाहणारं काहीतरी, दोन न्यूरॉनमधले अडसर, आणि पुन्हा पुन्हा वापरल्यानं सोपे होत जाणारे रस्ते. एकदा समाधान मिळालं की त्याची वाट कोरली जाते, आणि इच्छा म्हणजे त्याच वाटेवर पुन्हा करंट जाणं. सायनॅप्स हा शब्दसुद्धा तेव्हा अजून जन्माला यायचा होता! चालवून बघायला कॉम्प्युटर नाही, मोजायला यंत्र नाही. त्यानं वैतागून ते बाजूला टाकलं, आणि ते छापलं गेलं १९५० मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर. त्या आकृत्यांमध्ये रसायनाला जवळपास जागा नाही, आणि लिहिणाऱ्याच्या नाकात तेव्हा कोकेन होतं.

१८९६ च्या सुमारास त्यानं कोकेन सोडलं. त्यासाठी फार झगडावं लागल्याचं दिसत नाही.

रोज वीस

सिगारचं तसं नव्हतं. चोविशीत धूम्रपान सुरू झालं, पुढे दिवसाला वीसेक सिगार. हिशोब करा: वर्षाला सात हजारांच्या वर. प्रत्येक सिगारचे कितीतरी झुरके, आणि प्रत्येक झुरक्याला त्या सर्किटला एक छोटा धडा. कोकेन अधूनमधूनचं होतं; सिगार लिहिताना, रुग्णाला ऐकताना, चालताना, मित्रांशी वाद घालताना होता. शुल्ट्झच्या माकडाला एक दिवा होता, फ्रॉइडचं सगळं घर दिव्यांनी भरलेलं होतं. १८९४ मध्ये हृदयाचे ठोके चुकायला लागले, बर्लिनच्या डॉक्टर मित्रानं सिगार बंद करायला लावला. काही आठवडे जमलं, मग पुन्हा सुरू. सिगारशिवाय आपल्याला लिहिता येत नाही, अशी त्याची पक्की समजूत झाली होती. निकोटिन बंद केलं की काही दिवस लक्ष खरंच लागत नाही, त्यामुळे ती समजूत दरवेळी खरीही ठरायची.

१९२३ मध्ये टाळूवर कॅन्सर निघाला. वरच्या जबड्याचा आणि टाळूचा काही भाग काढावा लागला. तोंड आणि नाक यांच्यामध्ये पडदा म्हणून एक मोठी कवळी बसवली. ती टोचायची, बोलणं घोगरं झालं, एका कानानं ऐकू येईनासं झालं. पुढच्या सोळा वर्षांत तीसहून जास्त ऑपरेशन्स झाली. डॉक्टर दरवेळी सिगार सोड म्हणायचे. जबडा उघडेना तेव्हा तो कपड्याचा चिमटा दातांमध्ये घालून फट करायचा आणि सिगार तोंडात सरकवायचा. आपल्याकडे तोंडाच्या कॅन्सरच्या वॉर्डात तंबाखू मळणारे हात ज्यांनी पाहिलेत, त्यांना यात काही विचित्र वाटणार नाही. निकोटिन तेच आहे.

मार्च १९३८ मध्ये नाझींनी ऑस्ट्रिया गिळला. फ्रॉइड ज्यू होता, त्यामुळे निघणं भाग होतं. निघण्याआधी एका तरुण फोटोग्राफरनं गुपचूप त्याच्या घराचे आणि दवाखान्याचे फोटो काढून ठेवले. त्यात तो प्रसिद्ध कोच आहे, आणि दवाखान्याच्या भिंतीवर एक तसबीर आहे. फ्लाइश्लची. इतकी वर्षं ती तिथेच होती.

जूनमध्ये कुटुंब लंडनला पोचलं. कॅन्सर पुन्हा वाढला, आता ऑपरेशन शक्य नव्हतं. डोकं साफ राहावं म्हणून फ्रॉइड शेवटपर्यंत जड वेदनाशामकं टाळत आला होता, ॲस्पिरिनवर भागवत होता. सप्टेंबर १९३९ मध्ये त्यानं आपला डॉक्टर माक्स शूर याला आधी दिलेल्या शब्दाची आठवण करून दिली. शूरनं मॉर्फिनचं इंजेक्शन दिलं, काही तासांनी पुन्हा दिलं. २३ सप्टेंबरला, वयाच्या ८३ व्या वर्षी, तो गेला.